गिऱ्हाइकांचे नंबर नेमके कुणाच्या फोनमध्ये आहेत? ऑफिसचं एकच ॲड्रेस बुक असं बनवा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी स्क्रीनवर सगळं करून दाखवलंय. पण व्हिडिओत कारणं सांगायला वेळ पुरत नाही, आणि हे काम असं आहे की कारण पटल्याशिवाय कुणी हातात घेत नाही. म्हणून हा लेख. चहा घेऊन बसा.

आधी एक गंमत करू. तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या मालकांचा नंबर तुमच्याकडे आहे, ठीक. आता सांगा, त्यांच्याकडे चेक किंवा एनईएफटी कोण सोडतं? स्टोअरमध्ये तुमचा माल मोजून घेऊन चलनावर सही कोण करतं? माल रिजेक्ट झाला तर कोण फोन करतं? हे नंबर तुमच्या फोनमध्ये बहुतेक नसतात. ते असतात तुमच्या डिलिव्हरीच्या दादाकडे, अकाउंट्सच्या ताईंकडे, मार्केटिंगच्या मुलाकडे. धंदा तुमचा, पण धंद्याची वही दुसऱ्याच्या खिशात.

माझं स्वतःचं सांगतो. ट्रेनिंग सुरू करण्याआधी मी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा करायचो. भोसरीत एक गाळा, पुढच्या बाजूला चार टेबलं, झालं ऑफिस. मार्केटिंगला एक मुलगा होता. गुणी पोरगा. गिऱ्हाइकं मला कमी आणि त्याला जास्त ओळखायची. एका मार्चमध्ये त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. "साहेब, आठ दिवसांत येतो," म्हणून गावी गेला तो परत आलाच नाही. घरी शेती बघायला दुसरं कुणी नव्हतं. त्याची काही चूक नाही, मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

पण फोन त्याचा, सिम त्याचं, आणि गावात रेंजची बोंब. चाकणच्या एका कारखान्याशी आमचे दर एप्रिलला वर्षाचे दर ठरायचे. मी शहाणपणानं आपणहून कोटेशन पाठवलं. कुठे? तर मागच्या वर्षीच्या मेलमध्ये जो पत्ता सापडला तिथे. मेल परत आला नाही, म्हणजे पोचला असं धरून चाललो. प्रत्यक्षात त्या परचेसच्या साहेबांची दुसऱ्या प्लँटला बदली झाली होती. त्यांच्या जागी एक मॅडम आल्या होत्या. मॅडमचा पत्ता आमच्या मुलाला माहीत होता, त्यांनी त्याला व्हॉट्सॲपवर निरोपही टाकला होता. आम्हाला कुणाला काही पत्ता नाही. तीन आठवड्यांनी मी जाऊन भेटलो तर मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमचं कोटेशन आलंच नाही. मला वाटलं यावेळी तुम्हाला काम नकोय. आम्ही दुसरीकडे दिलं." आमच्या वर्षाच्या उलाढालीचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्या एका टेबलावर होता.

दर कमी-जास्त झाले म्हणून काम गेलं असतं तर वाईट वाटलं नसतं. पण हे काम चुकीच्या पत्त्यापायी गेलं.

दुसऱ्यांदा आपटलो ते सांगतो

मग मी पेटून उठलो. आमचा मेल ज्याच्याकडे होता त्या माणसाला विचारून मेल सर्व्हरवर शेअर होणारं ॲड्रेस बुक बनवलं. अकाउंट्सच्या ताई टापटीप होत्या, म्हणून त्यांच्या मेलबॉक्समध्ये बनवलं आणि तिथून सगळ्यांना शेअर केलं. दीड वर्ष उत्तम चाललं. पुढे ताईंनी नोकरी सोडली. मी काय केलं? दर महिन्याचे एका मेलबॉक्सचे पैसे वाचवायला त्यांचं अकाउंट डिलीट करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या स्क्रीनवरून ॲड्रेस बुक गायब!

कारण साधं आहे. शेअर केलेलं ॲड्रेस बुक सगळ्यांना दिसतं, पण राहतं एकाच्याच घरात. घर पाडलं की वस्तू गेली. ताईंनीच कधीतरी काढून ठेवलेली दोन महिन्यांपूर्वीची एक एक्सेल फाइल सापडली म्हणून वाचलो.

त्यामुळे पहिला नियम, आणि हा एकच लक्षात राहिला तरी लेख वसूल: सामायिक ॲड्रेस बुक माणसाच्या अकाउंटमध्ये बनवायचं नाही. त्यासाठी पदाच्या किंवा कामाच्या नावाचं एक वेगळं अकाउंट घ्या. 'ऑफिस', 'संपर्क', जे नाव आवडेल ते. त्याचा पासवर्ड मालकाकडे आणि आणखी एका विश्वासातल्या माणसाकडे. एका मेलबॉक्सचा खर्च वाढतो, वाढू द्या. आमच्या गेलेल्या कामापुढे तो चिल्लर आहे.

आधी एक गैरसमज काढू

अनेकजण म्हणतात, "सर, आमच्या मेलमध्ये नाव टाइप केलं की आपोआप पत्ता येतो, म्हणजे आमचं ॲड्रेस बुक आहे." नाही. ऑफिसच्या मेलमध्ये सर्व्हर स्वतःहून जी यादी दाखवतो ती तुमच्याच माणसांची असते. एक्सचेंज आणि झिम्ब्रामध्ये तिला ग्लोबल ॲड्रेस लिस्ट म्हणतात, गूगलमध्ये डिरेक्टरी. सर्व्हरवर अकाउंट असलेला प्रत्येकजण तिथे येतो, पण तुमचं गिऱ्हाईक, सप्लायर, ट्रान्सपोर्टवाला, सीए यांची सर्व्हरवर अकाउंटं नाहीत, म्हणून ते तिथे नसतात. बाहेरचे जे पत्ते आपोआप येतात ते त्या एका माणसानं पूर्वी कधीतरी मेल केलेले असतात. त्यात जुने, चुकीचे, सोडून गेलेल्यांचे, सगळे असतात. माझं कोटेशन अशाच आयत्या पत्त्यावर गेलं होतं.

आणि हो, 'ऑफिस कॉन्टॅक्ट्स' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे ॲड्रेस बुक नव्हे. तिथे नंबर टाकलेला दिसतो, पण तो बदलला तर वर जाऊन कोण दुरुस्त करणार?

झिम्ब्रावर कसं करायचं

बऱ्याच छोट्या ऑफिसांना स्थानिक आयटीवाला झिम्ब्रावर मेल देतो, म्हणून तिथलं सविस्तर सांगतो. आवृत्तीनुसार बटणांची नावं थोडी पुढेमागे होतील, घाबरू नका.

'ऑफिस' अकाउंटमधून वेबवर लॉगिन करा. कॉन्टॅक्ट्समध्ये जा आणि नवीन ॲड्रेस बुक तयार करा. मी दोन बनवायला सांगतो: एक 'गिऱ्हाइकं', एक 'सप्लायर व इतर'. सगळं एकाच पोत्यात भरू नका, कारण पुढे सगळ्यांना सगळं दाखवायचं नसतं. आता त्या बुकच्या नावावर राइट क्लिक करून शेअर निवडा. कुणाला शेअर करायचं तिथे ऑफिसमधल्यांचे मेल पत्ते टाका. मग रोल विचारतो. व्ह्यूअर म्हणजे फक्त बघणार. मॅनेजर म्हणजे बघणार, नवीन टाकणार, बदलणार आणि काढूनही टाकणार. ॲडमिन म्हणजे हे सगळं करून वर आणखी कुणाला शेअर करायचं तेही तोच ठरवणार.

इथे आपला मराठी माणूस मोठ्या मनाचा होतो आणि सगळ्यांना ॲडमिन करून टाकतो. असं करू नका. पाच जणांच्या ऑफिसात दोन मॅनेजर पुष्कळ, बाकी व्ह्यूअर. ॲडमिन कुणीच नको, ते काम 'ऑफिस' अकाउंटमधून तुम्हीच करा. कुणाला वाईट वाटलं तर स्पष्ट सांगा की हा विश्वासाचा प्रश्न नाही. चुकून एक बटण दाबलं तर सगळ्यांचं जातं, एवढंच.

समोरच्या माणसाला एक मेल जातो, त्यात स्वीकारण्याचं बटण असतं. तो मेल बहुतेकजण न वाचता पुढे जातात आणि मग "सर, मला काही दिसत नाही" म्हणतात. त्यांच्या खुर्चीशेजारी उभं राहून ते बटण दाबून घ्या.

आता एक बारीक गोष्ट, जी आयटीवालेही सांगायला विसरतात. शेअर स्वीकारलं तरी नवीन मेल लिहिताना नाव टाइप केल्यावर त्या बुकमधले पत्ते सुचतीलच असं नाही. त्यासाठी प्रत्येकाच्या प्रेफरन्सेसमध्ये एक खूण असते: ऑटोकम्प्लीटमध्ये शेअर केलेल्या ॲड्रेस बुकातले पत्तेही घ्या, अशा अर्थाची. ती बहुधा बंद असते. चालू करा. नाहीतर बुक बनवूनही माणसं आपल्या जुन्याच सवयीच्या पत्त्यांवर मेल टाकत राहतात, आणि आपण समजतो की काम झालं.

गूगल आणि मायक्रोसॉफ्टवाल्यांसाठी

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर एक्सचेंजच्या ॲडमिन सेंटरमध्ये रेसिपियंट्सखाली कॉन्टॅक्ट्स आहे. तिथे बाहेरच्या माणसाला 'मेल कॉन्टॅक्ट' म्हणून जोडलं की तो सगळ्यांच्या ग्लोबल यादीत दिसतो. आउटलुक ही यादी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतं आणि साधारण दिवसातून एकदा ताजी करतं, त्यामुळे आज टाकलेलं नाव काही टेबलांवर उद्या दिसेल. 'टाकलं तरी येत नाही' म्हणून दोनदा टाकू नका.

गूगल वर्कस्पेसमध्ये मात्र सरळ बटण नाही, हे आधीच सांगतो. कामचलाऊ आणि चांगला मार्ग म्हणजे कॉन्टॅक्ट्सचं डेलिगेशन: 'ऑफिस' अकाउंटचे कॉन्टॅक्ट्स तुम्ही बाकीच्यांना उघडून देता. लक्षात ठेवा, ज्याला दिले तो ते बदलू शकतो, इथे झिम्ब्रासारखा 'फक्त बघणारा' मिळत नाही. सगळ्यांच्या डिरेक्टरीत बाहेरचे लोक दाखवायचे असतील तर ते प्रोग्रॅमरकडून किंवा एखाद्या विकतच्या टूलकडून करून घ्यावं लागतं. चार माणसांच्या ऑफिसानं त्याच्या नादी लागू नये.

फुकटचं जीमेल एकच घेऊन सगळ्यांच्या फोनवर तोच पासवर्ड, हा जुगाडही मी पाहिलाय. चालतो, तोपर्यंत चालतो. एका फोनवरून कुणी नंबर उडवला की तो सगळीकडून उडतो. तसं झालंच तर गूगल कॉन्टॅक्ट्सच्या ट्रॅशमध्ये तो ३० दिवस मिळतो, तिथून परत आणा.

फोनवर यायलाच हवं

डिलिव्हरीचा दादा काही वेबमेल उघडून नंबर शोधणार नाही. त्याला तो फोनमध्ये हवा. त्यासाठी मेल देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "कार्डडॅव्ह आहे का?" ही कॉन्टॅक्ट्स सर्व्हरवरून फोनवर आणण्याची ठरलेली पद्धत आहे, २०११ मध्ये ती प्रमाण म्हणून आली. आयफोनमध्ये कॉन्टॅक्ट्सचं अकाउंट जोडताना ती तयारच असते. अँड्रॉइडवर डॅव्हएक्सफाइव्हसारखं वेगळं ॲप घालावं लागतं. ॲड्रेस, युझरनेम, पासवर्ड टाकला की बुक फोनमध्ये. आणि माणूस सोडून गेला की त्याचं अकाउंट बंद करा, मग पुढचे बदल त्याच्या फोनवर जाणं थांबतं. पण आधीच फोनमध्ये उतरलेले नंबर राहू शकतात. म्हणून शेवटच्या दिवशी हिशेब करताना समोर बसून ते अकाउंट फोनमधून काढून घ्या. भांडण न करता, चहा पाजून.

'एलडॅप आहे' असं उत्तर आलं तर तेही वाईट नाही. पण ती मुळात यादीत शोधण्याची सोय आहे. आउटलुक किंवा थंडरबर्डमधून नाव शोधता येईल, तुमचे लोक तिथून नंबर दुरुस्त करतील ही अपेक्षा ठेवू नका.

एक्सेलमधून आणताना इथे फसाल

तुमच्याकडे आधीच एक्सेलची यादी असेल. ती सीएसव्ही करून इम्पोर्ट होते. इथे मी दोन रात्री घालवल्यात, तुम्ही घालवू नका.

नंबर ९१ लावून बारा आकडी लिहिला असेल तर एक्सेल त्याला मोठी संख्या समजतं आणि मधे 'ई' आणि अधिक चिन्ह घालून आखूड दाखवतं. तशीच फाइल सीएसव्हीत सेव्ह केली तर शेवटचे आकडे कायमचे गेले! लँडलाइनच्या सुरुवातीचं शून्यही असंच खाल्लं जातं. म्हणून नंबर भरण्याआधी तो अख्खा कॉलम 'टेक्स्ट' करा. दुसरं, नावं मराठीत असतील तर सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, साधं सीएसव्ही निवडलंत तर सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं होतील. आणि आधी पाचच नावं इम्पोर्ट करून बघा. सहाशे चुकीची नावं एकेक करून काढण्याचा अनुभव कुणालाच येऊ नये.

काय लिहायचं

नुसतं 'पाटील साहेब' लिहू नका. आमच्याकडे एकदा सात पाटील साहेब होते आणि दोन 'पाटील साहेब नवीन'. कंपनीचं नाव आधी, मग गाव किंवा प्लँट, मग माणूस, मग काम. म्हणजे शोधताना कंपनी टाइप केली की तिथली सगळी माणसं ओळीनं येतात.

टीपेच्या रकान्यात जीएसटी नंबर ठेवा. तो १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, गुजरातचे २४, कर्नाटकचे २९), पुढची दहा अक्षरं पॅन. एकाच कंपनीचे दोन राज्यांत प्लँट असतील तर दोन वेगळे जीएसटी नंबर असतात, म्हणून तो प्लँटसोबत लिहा. चुकीच्या जीएसटी नंबरचं बिल गेलं की पेमेंट अडकलंच म्हणून समजा.

आणि एक तारीख: हा नंबर कुणी, कधी फोन करून तपासला. 'तपासला, ऑगस्ट' एवढं पुरे. माझ्या पुठ्ठ्याच्या दुकानात ही एक ओळ असती तर मॅडमचं नाव मला मार्चच्या आधीच कळलं असतं.

घरच्यांचे वाढदिवस, मुलांच्या शाळा असलं काही त्यात लिहू नका. ते तुमच्या डायरीत. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झालाय. लोकांची माहिती गोळा केली की तिची जबाबदारीही आपली होते. कामापुरतं ठेवा.

हे बुक पैसे कसे वाचवतं

माझ्या एका विद्यार्थिनीचं पापड-मसाल्याचं युनिट आहे. मिरची गुंटूरच्या एका व्यापाऱ्याकडून येते. एका संध्याकाळी त्यांचा मेल आला: आमचं बँक खातं बदललंय, यापुढचं पेमेंट या नव्या खात्यात करा, शंका असल्यास खालील नंबरवर फोन करा. लोगो तोच, सही तीच, आधीच्या बिलाचा नंबरसुद्धा बरोबर. तिच्याकडे अकाउंट्सला नुकतीच कॉलेज संपवून आलेली मुलगी होती. तिनं मेलमधल्या नंबरवर फोन केला नाही. ॲड्रेस बुकातला 'तपासला' लिहिलेला नंबर काढला आणि विचारलं, "काका, तुमचं खातं बदललं का?" पलीकडून आधी शांतता, मग, "नाही अम्मा, कुणी सांगितलं?"

पत्त्यात एका अक्षराचा फरक होता. आतापर्यंत सप्लायरला गेलेलं सगळ्यात मोठं पेमेंट दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होतं.

तेव्हा ऑफिसात पक्का नियम करा: बँक खातं बदलल्याचा निरोप कुठूनही येवो, ॲड्रेस बुकातल्या जुन्या नंबरवर बोलल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही. त्याच कारणानं सप्लायरचे नंबर बदलण्याचा हक्क एकाच माणसाकडे ठेवा. मेलवर 'आमचा नंबरही बदललाय' असं आलं आणि कुणी भाबडेपणानं बुकात तोच भरला, तर सगळी तपासणी चोराच्याच फोनवर होईल. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

सुरुवात कुठून?

सहाशे नावं बघून हातपाय गाळू नका. मागच्या वर्षभराची बिलं काढा, ज्यांच्याकडून सगळ्यात जास्त पैसे येतात ती वीस गिऱ्हाइकं आणि ज्यांना सगळ्यात जास्त पैसे जातात ते दहा सप्लायर. तेवढ्यांनाच फोन करा. "साहेब, आमच्या रेकॉर्डला तुमचे नंबर तपासतोय," असं म्हटलं की लोक आनंदानं सांगतात. असा फोन केल्यावर दोन जणांनी आमच्या एका मित्राला त्याच फोनवर ऑर्डर दिली, ते वेगळंच.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी 'ऑफिस' अकाउंटमधून सगळं एक्सपोर्ट करून तारखेच्या नावानं पेन ड्राइव्हवर ठेवा. पेन ड्राइव्ह कपाटात, किल्ली तुमच्याकडे. कॅलेंडरमध्ये आठवण आत्ताच लावा, लेख बंद करायच्या आधी.

एवढं झालं की पुढचा प्रश्न येतोच: गिऱ्हाइकाचे मेलही एकाच माणसाच्या मेलबॉक्समध्ये का पडतात? 'सेल्स' नावाचा सामायिक मेलबॉक्स कसा लावायचा, ते पुढच्या व्हिडिओत बघू. तोपर्यंत तुमची वीस नावं तयार ठेवा.